झुकलेला शिक्का

१

नवऱ्यानं नोकरी सोडल्याचं हिसाएला कामगार कार्यालयाच्या खिडकीवर कळलं. त्या वेळी तिचा नवरा मासुओ इस्पितळाच्या लांब वऱ्हांड्यात एकाच पायात चप्पल घालून फिरत होता आणि दुसरी कुठे गेली म्हणून नर्सवर चिडत होता.

खिडकीपलीकडचा कारकून काही वाईट माणूस नव्हता. कागदाची नक्कल पुढे सरकवताना त्यानं नजर दुसरीकडे वळवली. "बाई, कामावर असताना पडले असं तुम्ही म्हणताय. पण इथं त्यांनीच लिहून दिलंय, की काम सुटल्यावर खासगी कामासाठी भट्टीवर चढलो आणि स्वतःच्या चुकीनं पडलो. वर नोकरीही सोडलीय. खाली सहीच्या जागी त्यांचा नोंदणीचा शिक्का आहे. हा कागद उभा आहे तोवर मी तुमचा अर्ज पाठवला तरी तो परत येणार."

हिसाएनं तारीख पाहिली. अठरा मार्च. मासुओ पडला होता नऊ फेब्रुवारीला, तोमियासुंच्या कौलांच्या कारखान्यात, भट्टीलगतच्या लोखंडी सज्ज्यावरून. त्या कारखान्यात त्यानं सव्वीस वर्षं काढली होती. पडल्यावर बारा दिवस बेशुद्ध होता. शुद्धीवर आला तेव्हा जखम भरत आली होती, चेहरा पूर्वीसारखाच होता आणि आतला माणूस कुठेतरी राहिला होता. अठरा मार्चला तो बायकोला धाकट्या बहिणीच्या नावानं हाक मारत होता.

"हे त्यांनी लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

"मग शिक्का कुणी मारला?" कारकुनानं विचारलं. त्यात टोमणा नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

कामावरची इजा ठरली असती, तर डोकं पुन्हा शिकवण्याचे उपचार लागतील तितके दिवस चालले असते आणि पुढेही कुणीतरी आयुष्यभर त्याच्याकडे पाहिलं असतं. नाही ठरली, तर जून संपताच त्याला घरी पाठवणार होते. एप्रिलमध्ये त्याला एकदा फाटकाबाहेर नेलं होतं. डावीकडून येणाऱ्या ट्रकपुढे तो असा शांतपणे चालत गेला, की हिसाएनं सदरा धरून ओढला म्हणून वाचला. अशा माणसाला घरी कसं सांभाळायचं हे तिला कुणीही सांगत नव्हतं.

२

वकील कुनिएदाबाईंची कचेरी बंदरावर, मासेमारीच्या गळांच्या दुकानाच्या माडीवर होती. बाई पन्नाशीच्या, केस आखूड आणि जिभेला धार. तांदळाचं खारं बिस्किट खात त्यांनी कागद भिंगाखाली धरला.

"शिक्का अस्सल आहे. खोटा असता तर माझं काम सोपं झालं असतं. कुठं असतो हा?"

"देव्हाऱ्याखालच्या खणात, चहाच्या डब्यात."

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला आणि सासऱ्यांना." हिसाए जरा थांबली. "आणि नागुमोंना. हे पडले त्या दिवशी मी इस्पितळात होते. यांचं विम्याचं कार्ड आणायला त्यांना घरी पाठवलं होतं. तेही त्याच डब्यात असतं."

नागुमो म्हणजे भट्टीवरचा मुकादम, मासुओचा तीस वर्षांचा दोस्त. दर रविवारी इस्पितळात यायचा, खुर्चीवर बसायचा आणि टोपी हातात फिरवत राहायचा.

"आणि कागदावर साक्षीदार म्हणून याच नागुमोंची सही आहे," वकीलबाई म्हणाल्या. "बरं, हे बघा. कागद जुन्या पद्धतीचा, उभ्या ओळींचा. उजवीकडे मजकूर सुरू होतो. डावीकडे शेवटी तुमच्या यजमानांचं नाव, त्याखाली शिक्का आणि त्याच्याही डावीकडे मालकांचं नाव. यजमानांचं नावही मालकांच्याच ब्रशानं लिहिलंय. तुमच्या माणसाचा इथं आहे तो फक्त शिक्का. तोही दोनदा."

हिसाएला दुसरा दिसला नव्हता. तो वरच्या समासात होता आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'एक अक्षर कमी, एक अक्षर जास्त.'

"हा कोरा शिक्का. आधीच मारून ठेवतात. मागाहून काही चूक सापडली तर समोरच्यानं परस्पर दुरुस्त करावी म्हणून. सभ्यपणाची रीत आहे आपली. गळा कापून घ्यायलाही हिच्याइतकी सोयीची रीत दुसरी नाही." बाईंनी बिस्किटाचा चुरा झटकला. "आता सांगा, हे दोन्ही शिक्के डावीकडे तिरके का?"

"घाईत मारले असतील."

"घाई दोनदा अगदी सारखी होत नाही," कुनिएदाबाई म्हणाल्या आणि त्यांनी छत्री उचलली. "चला, आधी मासुओसाहेबांना भेटू. जेवायच्या वेळेला."

३

दुपारचं ताट आलेलं होतं. भात, उकडलेला मासा, कांद्याचं सार, लोणच्याच्या दोन फोडी. खिडकीपाशी हिसाएचे सासरे इसामु ताठ बसले होते. वय एक्याऐंशी. शेतकी बँकेत अडतीस वर्षं काढलेला माणूस. इस्पितळातही गळ्याला टाय बांधून यायचे.

मासुओ मन लावून जेवला. उजवीकडचा भात संपवला, उजवीकडचा मासा संपवला आणि जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. ताटाच्या मधोमध सुरीनं रेघ मारावी तसा डावा अर्धा भाग जसाच्या तसा राहिला होता.

"हल्ली जेवण कमी देतात," तो कुरकुरला.

"लहानपणापासूनच नखरे आहेत याचे," इसामु म्हणाले. "याला काहीही झालेलं नाही, वकीलबाई. अंगात आळस भरलाय, दुसरं काही नाही. जरा कामाला लागला की ठीक होईल."

रोजच्यासारखं हिसाएनं ताट अर्धं फिरवलं. मासुओनं चकित होऊन तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "अगं, पुन्हा वाढलंस?" तो पुन्हा जेवायला लागला. सासरे खिडकीबाहेर बघत राहिले.

जेवण झाल्यावर वकीलबाईंनी कागद त्याच्यासमोर ठेवला. "मासुओसाहेब, यात तुमचं नाव कुठंय? बोट ठेवून दाखवा."

मासुओनं उजवीकडून वाचायला सुरुवात केली. बोट एकेक ओळ ओलांडत कागदाच्या मध्यापर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं. "संपलं की."

"पुढे काही नाही?"

"पुढे कागदच नाही," तो म्हणाला. मग त्याला काहीतरी चुकल्याचं जाणवलं असावं. दुखावलेल्या चेहऱ्यानं त्यानं विचारलं, "माझं नाव असायला हवं होतं का?"

वऱ्हांड्यात आल्यावर कुनिएदाबाईंनी डॉक्टरांकडून मार्चमधल्या तपासण्यांची टिपणं मागून घेतली. तेव्हाही हेच होतं. डोळे शाबूत, पण डावीकडचं जग मेंदूनं पुसून टाकलेलं.

"अठरा मार्चला त्यांना कागदाची डावी बाजू दिसत नव्हती," बाई म्हणाल्या. "न दिसणाऱ्या जागी, नावाच्या बरोबर खाली शिक्का बसवणं त्यांना शक्य नव्हतं. म्हणजे शिक्का दुसऱ्याच हातानं मारला."

हिसाएला पहिल्यांदाच श्वास मोकळा झाल्यासारखं वाटलं.

"एवढ्यात खूश होऊ नका. एवढ्यावर मालक म्हणतील, की मासुओनं शिक्का दिला, मी हात धरून मारून घेतला. तो हात कुणाचा ते मला हवंय."

४

मालक तोमियासु गोड बोलले. मासुओबद्दल हळहळले, चहा दिला, आपल्याला सांधेदुखी कशी छळते तेही सांगितलं. शिक्का मासुओनं इस्पितळातच, राजीखुशीनं मारला. नागुमो साक्षीला होता, म्हणाले. त्या दिवशी मी तिथेच होते, कुणी आलं नव्हतं, असं हिसाएनं सांगितलं, तर बायकोच्या शब्दाला किंमत किती, असं त्यांनी हसून विचारलं. "यापुढे तुमची मर्जी, कोर्टात जा. या बेटावर तीस घरं माझ्या भट्टीवर जगतात, त्यांनाही सांगून जा म्हणजे झालं." धमकीही अशी दिली, की ऐकणाऱ्यानं आभार मानावेत.

नागुमो भट्टीमागे भेटला. हिसाएला पाहताच त्यानं टोपी काढली.

"वहिनी, मी सही केली. मालकांनी भरलेला कागद आणून पुढे टाकला. शिक्का आधीच होता. मी इस्पितळात काही बघितलं नाही."

"डबा तुम्ही उघडला होतात, नागुमोदादा."

"कार्ड घेतलं आणि झाकण लावलं. मासूची शपथ." तो खाली बसला. "अजून एक सांगतो. सज्ज्याचा कठडा तुटून चार महिने झाले होते. मी तीनदा सांगितलं होतं. मासू काम सुटल्यावर नाही पडला, दुपारी तीनला पडला. मीच त्याला वर पाठवलं होतं, वहिनी. मी पाठवलं."

तो रडायला लागला. हिसाएला त्याची दया आली नाही. वकीलबाईंनी मधल्या वेळात भिंतीवरची हजेरीची वही काढली होती. नागुमोचे शिक्के बरेचसे उलटे होते, काही तर आडवे पडून पुसले गेले होते.

"हे नाहीत," त्या म्हणाल्या.

कारखान्याच्या कचेरीत इसोबे नावाची कारकून होती, चाळिशीतली, तोंडाची फटकळ. तिरके शिक्के बघताच ती हसली.

"हा तर वाकून नमस्कार करतोय. कचेऱ्यांमध्ये चालतं असं. साहेबाचं नाव डावीकडे असतं, म्हणून आपला शिक्का तिकडे झुकवायचा. बँकेत तर नव्या पोरांना मुद्दाम शिकवायचे. मी नाही झुकवत. म्हणून तर इतकी वर्षं इथंच कुजतेय."

तिनं सगळ्या फायली काढून टेबलावर टाकल्या. तिचे शिक्के खांबासारखे सरळ होते.

"कागदावर शिक्का इथं मारला का?" वकीलबाईंनी विचारलं.

"नाही हो. मालक बिनशिक्क्याचा कागद घेऊन सकाळी दहाला गाडीनं गेले आणि अकराला परत आले. शिक्क्याची शाई अजून ओली होती, माझ्याच बाहीला लागली." इसोबे आठवू लागली. "हातात संत्री होती. वर्तमानपत्राच्या घडी घातलेल्या पिशवीत. त्यांना आंबट चालत नाही, मला देऊन टाकली. भयंकर आंबट निघाली."

हिसाएनं न पिताच चहाचा पेला खाली ठेवला.

"काय झालं?" इसोबेनं विचारलं.

"काही नाही," हिसाए म्हणाली.

परतताना गाडीत वकीलबाई रस्त्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "तुम्हाला कळलंय. मला अर्धंच कळलंय. बाकीचं मी विचारणार नाही, ते तुम्ही सांगायचं. पण एक ध्यानात ठेवा. त्या माणसाचं नाव घेतल्याशिवाय हा कागद पडणार नाही, आणि घेतलंत तर तुमच्या घरातलं काहीतरी पडेल."

५

घराच्या अंगणात आंबट संत्र्यांचं एकच झाड होतं. आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही हा सासऱ्यांचा नेम. जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या ते स्वतः घडी घालून करत, कडा नखानं दाबून, बँकेतल्या पाकिटांसारख्या.

तरीही हिसाएला आशा होती. संत्री कुणीही देतं. मालक सहज भेटायला आले असतील. अठरा मार्चला ती दिवसभर इस्पितळात होती, घरी कोण आलं नि गेलं तिला काय माहीत.

दाराशी आळीची, सूचनांचे कागद अडकवलेली फिरती पाटी टेकवलेली होती. गटारसफाईची सूचना, वर आळीतल्या घरांची नावं आणि प्रत्येकानं वाचून झाल्यावर शिक्का मारायचा. शिक्का मारून पाटी शेजारच्या घरी द्यायची. शिक्का मारायचं काम सासऱ्यांचं. हिसाएनं पाटी आजवर शेकडो वेळा शेजारी नेऊन दिली होती आणि एकदाही नीट पाहिली नव्हती.

डावीकडे पहिलं नाव आळीच्या प्रमुखाचं. त्यानंतर घरं. बाकी सगळे शिक्के जमेल तसे पडलेले. कितावांच्या, म्हणजे त्यांच्याच घराच्या, चौकोनातला तांबडा शिक्का तेवढा नेमका, स्वच्छ आणि प्रमुखाच्या नावाकडे डावीकडे वाकलेला होता. तिनं खालचे जुने कागद उलटले. एप्रिलचा वाकलेला. मार्चचा वाकलेला. गेल्या नव्या वर्षाचाही.

ती पायरीवर बसली. आतून बातम्यांचा आवाज येत होता. याच माणसानं तिच्या लग्नात स्वतःच्या हातानं तिच्या आईला पाणी दिलं होतं. तिला त्याचा भयंकर राग आला.

"बाबा," ती आत जाऊन म्हणाली आणि पाटी त्यांच्यापुढे ठेवली. तिच्याशेजारी कारखान्याचा कागद ठेवला.

इसामुंनी चष्मा लावला. दोन्ही कागद पाहिले. टीव्ही बंद केला.

"मालक स्वतः आले होते," ते म्हणाले. "या घराच्या उंबऱ्यात डोकं टेकवलं त्यांनी. म्हणाले, तपासणी आली तर भट्टी बंद होईल. मासुओची जागा तशीच ठेवतो, बरा होईपर्यंत रजा. फक्त चूक त्याची आहे असं मी लिहिलंय, त्यावर शिक्का द्या. मला वाटलं, एका वाक्यानं कुणाचं काय जातंय? तीस घरांना आपल्यामुळे त्रास नको."

"आणि हा वरचा?"

"कोरा शिक्का तर देतोच माणूस. न दिला तर समोरच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. त्यांनी मागितलाही नव्हता."

"बाबा, वाचा काय लिहिलंय."

म्हाताऱ्यानं कागद डोळ्यांजवळ नेला. त्यांच्या चित्रलिपीत बिनमुदतीची रजा आणि राजीनामा यांच्यात एकाच अक्षराचा फरक. 'थांबणे' काढून 'मागे सरणे' घातलं, की झालं. समासात लिहिलेलंच होतं, एक अक्षर कमी, एक अक्षर जास्त. अडतीस वर्षं दुसऱ्यांचे कागद तपासलेल्या माणसाला ते समजायला क्षणही लागला नाही.

"मी रजेवर शिक्का मारला होता," ते म्हणाले.

"तुम्ही त्यांच्या नावानं मारलात. तुमचा मुलगा तिकडे अर्धं ताट जेवतोय आणि तुम्ही त्याला आळशी म्हणता. तो आजारी ठरला, तर तुम्ही काय केलंत ते तुम्हाला बघावं लागलं असतं."

इसामुंनी चष्मा काढला आणि विचारलं, "मी सांगितलं तर मासुओ बरा होईल?"

"नाही," हिसाए म्हणाली. "पूर्वीसारखे ते कधीच होणार नाहीत. पण मी एकटी पडणार नाही."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता इसामु टाय बांधून गळांच्या दुकानाच्या माडीवर गेले. कुनिएदाबाईंनी त्यांना आधीच बजावलं, की हा गुन्हा ठरू शकतो, आणि मी तुमच्या मुलाची वकील आहे, तुमची नाही. तुमच्यासाठी दुसरा माणूस बघून ठेवलाय, त्याच्याशी बोलून मगच काय ते करा. इसामु शेजारच्या खोलीत त्या दुसऱ्या वकिलाशी तासभर बोलले आणि बाहेर येऊन म्हणाले, "लिहून घ्या."

जबानीच्या शेवटी त्यांचं नाव आणि डावीकडे ज्यांना ती द्यायची त्या कार्यालयाचं नाव होतं. इसामुंनी स्वतःचा शिक्का काढला, शाईवर टेकवला, कागदावर धरला आणि थांबले. या खेपेला तो सरळ मारायचा त्यांचा निश्चय सगळ्यांना दिसत होता. दोन्ही हातांनी दाबला. उचलला तर शिक्का डावीकडे झुकलेला होता.

"दुसरा कागद द्या," ते पुटपुटले. कान लाल झाले होते.

"नको," वकीलबाई म्हणाल्या. "हाच पाहिजे. मालकांनी कितीही नाकारलं तरी हे तिन्ही शिक्के शेजारी ठेवले, की तुमचा हात ओळखू येतो. आणि समासात मात्र काही मारू नका."

नागुमोनंही कठड्याबद्दल आणि दुपारच्या तीनबद्दल लिहून दिलं. त्याच आठवड्यात त्याला भट्टीवरून काढून चिखल कालवायला लावलं. आळीची पाटी आता कितावांच्या दारात कुणी आणून ठेवत नव्हतं, परस्पर पुढच्या घरी जात होती. कामगार कार्यालयातल्या कारकुनानं अर्ज घेतला. चौकशीला महिने लागतील, पण चौकशी होईतो मासुओला कुणी इस्पितळातून काढणार नाही, एवढं त्यानं खिडकीतून हळूच सांगितलं.

इस्पितळात दुपारचं ताट आलं. मासुओ उजवीकडचा भात जेवला, उजवीकडची अंड्याची वडी जेवला आणि काड्या खाली ठेवल्या. हिसाए उठायला लागली, तोच खिडकीपासची खुर्ची सरकली. इसामु वाकून पलंगापाशी आले. त्यांनी ताटाच्या दोन्ही कडा धरल्या आणि सांडू न देता हळूहळू ते अर्धं फिरवलं.

मासुओनं भरलेल्या ताटाकडे पाहिलं. "बाबा, हे कुठून आलं?"

"इथंच होतं रे," म्हातारा म्हणाला. "मीच फिरवलं नाही."